नियमात सर्दी नाही

चष्मेवाला: हनुवटी त्या टेकूवर ठेव. कपाळ पुढे घे, पट्टीला लागू दे. चावत नाही ती.

पंच: लागलं. आता ऐक, मी जे सांगायला आलोय ते असं—

चष्मेवाला: तू बोललास की हनुवटी हलते, हनुवटी हलली की डोळा हलतो. बाहेर हिला काय सांगितलंस? डोळे तपासायचेत. मग गिऱ्हाइकासारखा गप्प बस.

पंच: दुकानात बोलायची बंदी आहे वाटतं.

चष्मेवाला: तुझ्या टेबलावर श्वास घ्यायची बंदी होती. त्यापुढे हे काहीच नाही. वर बघ. आता खाली. उजवीकडे.

वहिनी: अहो, दोन वर्षांनी दुकानाची पायरी चढलेत भावजी. जरा माणसासारखं बोला.

चष्मेवाला: दोन वर्षं दोन महिने. डोळे मिटू नकोस रे.

वहिनी: बघा, मोजून ठेवलंय. आणि मला सांगतात, मी तो विषय कधीच सोडून दिला.

पंच: वहिनी, तब्येत काय म्हणते?

वहिनी: मेलेल्या बाईची तब्येत काय म्हणणार, भावजी? ठणठणीत आहे.

चष्मेवाला: मेलीसही तूच, आणि हसतेसही तूच. मला नाही हसू येत.

वहिनी: मग काय, सुतक पाळू? परवा शेजारच्या शिवणवाल्या बाई विचारत होत्या, तुमचे हे आणि ते मुद्रितशोधक, शाळेपासूनचे मित्र, एकदम बोलायचे का थांबले? आता काय सांगायचं त्यांना? म्हटलं, दर रविवारी आम्ही दोघं, भावजी, पोस्टमास्तर आणि सरकारी दवाखान्यातल्या दातांच्या डॉक्टरीणबाई, असे पाच जण टेबलाभोवती बसून एक खेळ खेळायचो. आपण दुसरंच कोणीतरी आहोत असं मानायचं. मी कुलपं उघडणारी चोर, हे ढालवाले शिपाई. भावजी पंच. दार कुठे उघडलं, राक्षस कुठून आला, सगळं तेच सांगणार. आपण काय करतो ते आपण बोलायचं, फासा टाकायचा, आणि भावजी पुस्तकातला नियम बघून निकाल देणार. तर एका रविवारी मी जिन्यावर बुडून मेले, म्हणून हे दोघे बोलत नाहीत.

पंच: मग काय म्हणाल्या त्या?

वहिनी: माझ्या कपड्यांची पिशवी परत दिली आणि म्हणाल्या, तुम्ही आधी विश्रांती घ्या.

पंच: नुसता जिना नव्हे पण, वहिनी. मनोऱ्याचा जिना, सतरावी पायरी.

चष्मेवाला: कोरडी! सतरावी कोरडी पायरी! खिडकीतून ऊन येत होतं, असं तूच सांगितलं होतंस.

पंच: हो. ऊन होतं.

चष्मेवाला: डावा डोळा झाकतोय. समोरच्या तक्त्यावरची खालून तिसरी ओळ वाच.

पंच: ग, म, ट, प, र, स. मधल्या 'ट'चा ठसा पुसट आलाय. आणि 'प'नंतर जागा जास्त सुटलीय.

चष्मेवाला: तक्ता तपासायला नाही सांगितला, डोळा तपासतोय. खालून दुसरी?

पंच: न, क, ल, व... नंतरचं ड असेल नाहीतर ङ. छपाई सुमार आहे रे, कुठून आणलास?

चष्मेवाला: ड आहे. ही काच टाकतो. आता बरं दिसतंय की आधी?

पंच: आता.

चष्मेवाला: ही की ही?

पंच: दोन्ही सारखीच. तू रागावलायस अजून.

चष्मेवाला: मी? छे. माझ्या बायकोला सहा हातांच्या अस्वलाने धरलं आणि तू पुस्तक उघडून बावीस मिनिटं वाचत बसलास, याचा राग कशाला येईल मला?

पंच: वीस. बावीस मिनिटं लागली होती ती दातवालीने घोडा धरला तेव्हा.

वहिनी: हे मात्र खरं हं, भावजी. तलवारीने मुंडकं उडवायचं असलं तर एक फासा. आग लावायची, एक फासा. डोंगरावरून उडी, एक फासा. आणि कोणी नुसतं म्हटलं, 'मी याला धरतो,' की झालं! तुमचं पुस्तक निघणार, चष्मा निघणार, निकालवही निघणार. पोस्टमास्तर तर 'धरतो' हा शब्द ऐकला की उठून गाडीत पेट्रोल भरून यायचे. परत येईपर्यंत अस्वलही तिथेच, आम्हीही तिथेच.

पंच: धरपकड हे प्रकरण पुस्तकातलं सर्वांत किचकट आहे, वहिनी. हे जगजाहीर आहे. मारणं सोपं असतं. मारलं की विषय संपतो. धरलं की पुढे काय, हे लिहिताना भल्याभल्यांची लेखणी अडखळते.

चष्मेवाला: आणि तुझ्या पुस्तकात पुढे काय होतं? धरणाऱ्याने आणि धरलेल्याने, दोघांनी श्वास रोखायचा. ज्याचा आधी सुटेल तो बुडून मेला. काय पण नियम!

वहिनी: तोही फाशावर नाही, खराखुरा श्वास. निकाल क्रमांक सात.

पंच: फाशापेक्षा खरा श्वास प्रामाणिक, असं सर्वानुमते ठरलं होतं. वहीत सह्या आहेत. वहिनी, तुमचीसुद्धा.

वहिनी: असणारच. मला जमत होतं ना! बावन्न सेकंद. भांडी घासताना, रांगेत उभं असताना सराव करायचे. पाच राक्षस मी नुसतं नाक दाबून मारलेत. राक्षसाचा श्वास रोखायला हे बसायचे समोर, तिसाव्या सेकंदाला यांचे कान लाल व्हायचे आणि मला कळायचं, आता राक्षस गेला.

चष्मेवाला: आणि त्या दिवशी हिला सर्दी झाली होती.

पंच: मला माहीत आहे.

चष्मेवाला: अकराव्या सेकंदाला शिंकली ही. मी तुला म्हटलं, बाईचं नाक चोंदलंय, ताप आहे, आजच्या दिवस फाशावर घे. तू काय म्हणालास?

पंच: जाऊ दे ना आता.

चष्मेवाला: नाही, बोल की. आता हनुवटी हलली तरी चालेल.

पंच: मी म्हणालो, नियमात सर्दी नाही.

चष्मेवाला: ऐकलंस? मी म्हटलं, मी एकच पायरी खाली उभा आहे. हात लांबवतो आणि हिला ओढून घेतो. तू म्हणालास—

पंच: तसा नियम पुस्तकात दिसत नाही.

चष्मेवाला: मी म्हटलं, अरे, बुडायला पाणी तरी लागतं. पाणी कुठाय? तू म्हणालास, 'बुडून' हे लाक्षणिक अर्थाने घ्यायचं. लाक्षणिक! नऊ वर्षं जपलेलं माणूस होतं हिचं. एक एक कुलूप उघडून मोठं केलेलं. मी टेबलावरून उठलो तेव्हा तू मान वर करून पाहिलंससुद्धा नाही. वहीत वेळ लिहीत होतास.

पंच: पाहिलं होतं. तू चपला उलट्या घालून गेलास.

वहिनी: अहो, मला एवढं वाईट नव्हतं वाटलं हो. दोन दिवस वाटलं. मग खोकल्याचं औषध घेतलं आणि झोपले. मला वाईट वाटलं ते नंतर. रविवारी दुपारी तुम्ही दोघेही आपापल्या घरी तोंडं पाडून बसायला लागलात तेव्हा.

चष्मेवाला: कोणाचं तोंड पडलं होतं?

वहिनी: तुमचं. चार वाजले की घड्याळाकडे बघायचं आणि मग उगाच माझ्याशी भांडण काढायचं, डबा नीट का लावला नाही म्हणून. त्या डब्याला काय माहीत, रविवार आहे ते.

चष्मेवाला: तू काउंटरवर जा बघू. कोणी आलं असेल.

वहिनी: कोणी आलं की घंटी वाजते. मी इथेच थांबणार. मेलेली असले तरी वारस मीच आहे.

पंच: भिंग्या, मी स्पष्टच सांगतो. डोळ्यांसाठी नाही आलो मी.

चष्मेवाला: ते हनुवटी टेकवलीस तेव्हाच कळलं. डोळ्यासाठी येणारा माणूस आधी किंमत विचारतो.

पंच: टेबल मोडतंय. दातवाली बदली होऊन गेली. तिचा भाऊ दोनदा आला, मग यायचा थांबला. आता मी आणि पोस्टमास्तर, दोघेच. आणि निकाल क्रमांक एक तुला आठवत असेल.

वहिनी: सलग बारा रविवार तीन माणसं जमली नाहीत तर टेबल बरखास्त. पुस्तक, फासे, निकालवही, सगळं वाचनालयात जमा.

पंच: अकरा रविवार झाले. येत्या रविवारी बारावा.

चष्मेवाला: मग बदल नियम! तूच केलास, तूच बदल. कोण विचारणार आहे तुला? पोस्टमास्तर?

पंच: नियम बदलायला तीन माणसं लागतात.

वहिनी: घ्या! सुंभ जळला तरी पीळ जात नाही, म्हणतात ते हे.

पंच: मी चार वाजता टेबल मांडतो, वहिनी. पाच खुर्च्या. फासे पुसतो. पोस्टमास्तर येतो, आम्ही दोघे बसतो, तो पेन्शनबद्दल बोलतो. सहाला मी सगळं आवरतो. माझी बायको गेल्यानंतर आठवड्यातला तेवढाच एक दिवस होता रे माझा. बाकीचे सहा दिवस मी त्या दिवसाची तयारी करायचो. कोणता राक्षस, कोणतं दार. मला करमत नाही, बास. लपवण्यासारखं काय आहे त्यात?

वहिनी: पाणी देऊ, भावजी?

पंच: नको.

चष्मेवाला: म्हणजे तू मुंडकी मोजायला आलायस. तिसरं कमी पडतंय, म्हणून भिंग्या आठवला. अडला हरी, गाढवाचे पाय धरी.

वहिनी: अहो, पण यात गाढव कोण झालं, बघितलंत का?

चष्मेवाला: तू मध्ये बोलू नकोस. अरे, एकदा 'चुकलो' म्हणाला असतास तर दुसऱ्याच रविवारी आलो असतो मी. चप्पल उलटी घालून आलो असतो. दोन वर्षं वाट पाहिली. आणि आज आलास तो कोरम भरायला!

पंच: चुकलो म्हणायलाच आलोय. पण ते साधंसुधं म्हणून भागणार नाही. तू जवळचं वाचायचं कार्ड कधी देणार आहेस?

चष्मेवाला: कशाला?

पंच: जवळची नजर तपासायची राहिली ना? कार्ड नको. माझ्या पिशवीत पुस्तक आहे, त्यातलंच वाचतो. वहिनी, जरा देता? ते निळं. नाही, तो डबा, त्याच्याखाली.

वहिनी: अरे, हे तर तेच! किती फाटलंय हो.

चष्मेवाला: मला बघायचंही नाही ते.

पंच: तू नको बघू. मी वाचतो, तू काचा बदल. 'धरपकड. कोणी कोणास बळाने धरल्यास त्यास पकड म्हणावे. पकडीत सापडलेला आणि पकडणारा या दोघांनी आपापली पाळी आली असता'... आता पान उलटतो... 'श्वास रोखून धरावा. श्वास सुटताच तो बुडून मरण पावतो.'

चष्मेवाला: पाठ आहे मला. दोन वर्षं झोपेत ऐकतोय.

पंच: आता तू बघ. अक्षरं नको वाचू. पानाचा आकडा वाच, कोपऱ्यातला.

चष्मेवाला: शहाण्णव.

पंच: मागे उलट. त्याच्या आधीचा?

चष्मेवाला: त्र्याण्णव.

वहिनी: मग चौऱ्याण्णव, पंच्याण्णव कुठे गेली?

पंच: तिथेच आहेत. एकमेकांना चिकटून. नीट चाचपलं तर पान जाड लागतं. शहाण्णवावर धरपकड नाहीच, वहिनी. पाण्याखालची लढाई आहे ती. तिचं शीर्षक आत, पंच्याण्णवावर असणार. आपण दहा वर्षं कोरड्या जमिनीवर पोहण्याचे नियम पाळत आलो.

वहिनी: म्हणजे मी भांडी घासताना जो श्वास रोखायचे...

पंच: माशांसाठी.

चष्मेवाला: थांब. थांब जरा. तू मुद्रितशोधक. चाळीस वर्षं छापखान्यात बसून दुसऱ्यांच्या पानांचे आकडे तपासलेस. आणि त्र्याण्णवानंतर शहाण्णव आलेलं तुला दिसलं नाही?

पंच: इथेच मला मरण आहे. दिव्याखाली अंधार म्हण, काहीही म्हण. वाक्य वाचताना मला खडबडीत लागलं होतं. पहिल्याच वेळी. 'आपापली पाळी आली असता श्वास रोखून धरावा'. मला वाटलं, छापणाऱ्याने हलगर्जी केलीय. मी तिथे पेन्सिलीने एक स्वल्पविराम दिला. हा बघ. दिल्यावर वाक्य गुळगुळीत झालं. मग मी कधी आकडा पाहिलाच नाही. वाक्य दुरुस्त केल्यावर मी आकडा पाहत नाही, सवयच नाही.

वहिनी: एका स्वल्पविरामावर मेले मी!

पंच: हो. आणि मला हे कळलं गेल्या सोमवारी. वाचनालयाला द्यायचं तर धड तरी द्यावं, म्हणून बांधणीवाल्याकडे नेलं. त्याने पानं मोजली आणि म्हणाला, साहेब, एक पान जोड-पान झालंय. मी त्याच्याशी भांडलो. अर्धा तास. मग घरी येऊन खिडकीत उजेडाला धरलं, तर आत ओळींवर ओळी दिसल्या.

चष्मेवाला: मग उघडलं नाहीस?

पंच: नाही. ज्याचं नुकसान झालं त्याच्यासमोर उघडायचं. हा निकाल वहीत नाही, पण असायला हवा होता.

वहिनी: तुम्ही ओढाल तर फाटेल ते. इकडे द्या. चष्म्याच्या दांड्या वाकवायला गरम हवा मारतो ना आपण, तीच मारते. जुना गोंद मऊ होतो त्याने. अहो, ती पातळ पट्टी द्या.

(गरम हवेच्या यंत्राचा घुंघुं आवाज.)

वहिनी: सुटतंय. हळू... कोपरा आला. धरा हो इथे, नुसतं बघत काय बसलाय? आलं! एक ओळ तेवढी उचकटली, बाकी शाबूत आहे.

पंच: तुम्ही वाचा, वहिनी. माझ्या तोंडून नको.

वहिनी: चौऱ्याण्णव. '...आपापली पाळी आली असता एकेक फासा टाकावा. मोठा आकडा येईल त्याचे चालेल.' संपलं?

पंच: पुढे वाचा.

वहिनी: 'पकडीत असलेल्यास जागचे हलता येत नाही, परंतु बोलता येते, हात चालविता येतात. शेजारी उभा असलेला कोणीही त्यास हात देऊन सोडवू शकतो. त्यासाठी फासा टाकण्याचे कारण नाही.'

चष्मेवाला: पुन्हा वाच.

वहिनी: 'शेजारी उभा असलेला कोणीही—'

चष्मेवाला: मी सोळाव्या पायरीवर होतो.

पंच: हो.

चष्मेवाला: म्हणत होतो ना मी! हात लांबवतो म्हटलं होतं मी!

पंच: म्हटलं होतंस. पुस्तक तुझ्या बाजूने होतं. पंच नव्हता. चुकलो मी, भिंग्या. वहिनी, तुमची माफी मागतो. खेळातली चूक म्हणून नाही मागत. तुम्ही शिंकत होतात आणि मी घड्याळ बघत होतो, त्याची मागतो.

वहिनी: असू दे हो, भावजी. अजून एक ओळ आहे खाली. 'धरणाऱ्यास वाटेल तेव्हा पकड सोडता येते. त्यात पाळी खर्च होत नाही.' अर्धं पानसुद्धा नाही हो हे सगळं! आणि पोस्टमास्तरांनी किती पेट्रोल भरलं!

चष्मेवाला: ते पान इकडे दे.

वहिनी: कशाला?

चष्मेवाला: कडेचा तो गोंद बघू दे. शिवणीपाशी जाड आहे. पारदर्शक, किंचित पिवळा... वास बघ याचा.

वहिनी: कसला वास? दुकानाचाच वास येतोय.

चष्मेवाला: तेच म्हणतोय मी. बांधणीचा गोंद पांढरा असतो. हा आपला आहे. फ्रेमला काच बसवायचा.

वहिनी: अग्गबाई.

चष्मेवाला: हे पुस्तक जुन्या बाजारातून आणलं तेव्हा पाठ सुटली होती त्याची. पहिल्या रविवारी. तू म्हणालास, बांधणीवाल्याकडे टाकू. मी म्हटलं, कशाला, माझ्याकडे पक्का गोंद आहे, दगडालासुद्धा सोडत नाही. इथेच, या टेबलावर... त्यानंतर वर्षभर कोणी कोणाला धरलंच नाही. सगळे तलवारीच काढायचे.

वहिनी: तुम्हीच चिकटवलंत?

चष्मेवाला: मीच चिकटवलं. तुला सोडवायचा नियम मीच चिकटवून टाकला.

वहिनी: आता रडू नका. गिऱ्हाईक येईल.

चष्मेवाला: तुला ठाऊक होतं, पंच?

पंच: काय?

चष्मेवाला: गोंद कोणाचा ते. नाटक करू नकोस, तुला येत नाही. चाळीस वर्षं छापखान्यात काढलीस तू.

पंच: बांधणीवाला म्हणाला होता. हा पुस्तकाचा गोंद नव्हे साहेब, काचवाल्यांचा आहे.

चष्मेवाला: मग आल्या आल्या तोंडावर का नाही फेकलास? मी तासभर तुला नाही नाही ते बोलतोय. कोरम काय, अडला हरी काय. दोन मिनिटांत माझं तोंड बंद झालं असतं.

पंच: झालं असतं. पण मग तू रविवारी आला असतास?

चष्मेवाला: नसतो आलो.

पंच: मग? आणि गोंद तुझा असला तरी स्वल्पविराम माझा होता.

वहिनी: झालं तुमचं? आता हे पण वहीत लिहून ठेवा, कोणाचं किती चुकलं ते. दोघांचं सगळं बघून झालं, मेलेल्या बाईचं काय? मी जन्मभर सतराव्या पायरीवर पडून राहू?

पंच: निकाल रद्द करावा लागेल. क्रमांक सात. आणि त्याखाली झालेले सगळे मृत्यू. फक्त त्याला—

वहिनी: तीन माणसं लागतात. एक, दोन, तीन. मोजा.

पंच: टेबलाभोवती बसलेली, असं आहे वहीत.

वहिनी: हे काय आहे मग? याच्यावर काचा घासतात म्हणून काय हे टेबल नाही? अहो, ते स्टूल ओढा इकडे. भावजी, हनुवटी काढा त्या टेकूवरून, किती वेळ तसेच बसलाय! हं. बसलो तिघे. करा रद्द.

पंच: निकाल क्रमांक सात रद्द. सर्वानुमते? तुझं काय, भिंग्या?

चष्मेवाला: रद्द. तुझ्या डाव्या डोळ्याचा नंबर पाऊणने वाढलाय. चष्मा शनिवारी मिळेल.

पंच: शनिवारी चालेल. रविवारी लागेल मला.

चष्मेवाला: पाच खुर्च्या कशाला मांडतोस, चार पुरेत. आता विचार ना मला.

पंच: काय विचारू?

चष्मेवाला: नेहमी विचारायचास ते.

पंच: हं. अस्वलाने तिला धरलंय. सतरावी पायरी, खिडकीतून ऊन येतंय. तुझी पाळी. तू काय करतोस?

चष्मेवाला: हात देतो.

पंच: दे. फासा नको.

वहिनी: आणि मी?

पंच: तुम्ही सोळाव्या पायरीवर आलात, वहिनी. उभ्या आहात. अस्वल वर एकटंच राहिलं.

वहिनी: आणि ती शिंक? ती तर आलीच होती मला, ताप होता, नाक चोंदलेलं—

पंच: छे हो, वहिनी. नियमात सर्दी नाही.